‘चार्जेस काही नाहीत’ म्हणतात, मग पैसे कापले कुठे जातात?

जुळे_सोलापूरकर

वडील नुकतेच निवृत्त झाले, वय ६०. पीएफ आणि ग्रॅच्युइटी मिळून १८ लाख हातात आहेत. आत्ता टेबलावर तीन कागद आहेत. पहिल्या दोन ठिकाणी तोंडी एकच उत्तर मिळालं: ‘तुमच्याकडून आम्ही काही घेत नाही.’ तिसऱ्याने फक्त फी मागितली आहे.

पहिला कागद म्युच्युअल फंडाचा. नवी पेठेतल्या ओळखीच्या माणसामार्फत ५ लाख एकरकमी भरून झालेत, रेग्युलर प्लॅन. त्यांच्या कार्डावर ‘आर्थिक सल्लागार’ लिहिलंय.

दुसरा बँकेतून घेतलेला युलिप, म्हणजे विमा आणि बाजारातली गुंतवणूक एकत्र असलेली पॉलिसी. २ लाख भरले, विमा रक्कम १४ लाख. पॉलिसी ई-मेलवर येऊन १२ दिवस झाले. ‘एकदाच भरायचे, पाच वर्षांनी करमुक्त मिळतात’ असं सांगितलं होतं.

तिसरे व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरचे एक सर. वर्षाची फी २५ हजार, यूपीआयने पाठवायची, ‘हमखास १८ टक्के’.

प्रश्न सरळ आहे. यातला कोणता खर्च कुठे छापलेला असतो आणि रुपयांत किती होतो? बँक पासबुकात तर ५ लाख आणि २ लाखांशिवाय एक रुपयाही कापलेला दिसत नाही.

होटगी_रोड

पासबुकात तो दिसणारच नाही. गुंतवणुकीचा खर्च बिल होऊन येत नाही. तुम्हाला आकडा दाखवण्याआधीच तो वजा झालेला असतो. भाजीवाल्याने काटा मारला तर पिशवी उचलल्यावर हाताला कळतं. इथे काटाही त्यांचा आणि पिशवीही त्यांच्याकडेच. म्हणून टक्क्यात न विचारता रुपयांत विचारायची सवय लावा.

मी फंडापुरतं लिहितो, युलिपवर इथले दुसरे जाणकार लिहितीलच.

फंडाची रोज जाहीर होणारी एनएव्ही, म्हणजे एका युनिटची किंमत, ही खर्च वजा करूनच काढलेली असते. वार्षिक खर्चाचं प्रमाण, म्हणजे एक्स्पेन्स रेशो, ३६५ ने भागून रोज थोडं थोडं कापलं जातं. समजा तुमच्या योजनेचा रेग्युलर प्लॅन (मध्यस्थामार्फत घेतलेला) १.९ टक्के आणि डायरेक्ट (थेट फंड कंपनीकडून घेतलेला) ०.९ टक्के घेतो. ५ लाखांवर रेग्युलरमध्ये दिवसाला २६ रुपये जातात, डायरेक्टमध्ये १२ रुपये ३३ पैसे. मधल्या पावणेचौदा रुपयांत मुख्यतः मध्यस्थाचं कमिशन असतं. फंड मॅनेजर तोच, शेअर तेच, बाजार तोच. दहा वर्षांत डायरेक्टला १० टक्के आणि रेग्युलरला ९ टक्के परतावा मिळाला असं धरलं, तर ५ लाखांचे १२.९७ लाख आणि ११.८४ लाख होतात. म्हणजे १ लाख १३ हजारांचा फरक. वर्षाला एक टक्का ऐकायला किरकोळ वाटतो, म्हणून तो कुणाच्या डोळ्यात खुपत नाही.

हे वाक्य लक्षात ठेवा: २००९ च्या ऑगस्टपासून एंट्री लोड, म्हणजे पैसे भरतानाच होणारी कपात, बंद आहे. त्यामुळे ‘आम्ही काही घेत नाही’ हे तांत्रिकदृष्ट्या खोटं नाही. ते तुमच्याकडून घेत नाहीत, फंड कंपनीकडून घेतात. कंपनी ते तुमच्या पैशातून देते, आणि पैसे फंडात आहेत तोवर दरवर्षी देत राहते. डायरेक्ट प्लॅन १ जानेवारी २०१३ पासून प्रत्येक योजनेला आहे.

आता शोधायचं कुठे. कॅम्स किंवा केफिनटेक या फंडांच्या नोंदी ठेवणाऱ्या कंपन्यांच्या संकेतस्थळावर जा, एकत्रित खाते विवरण मागा, ‘तपशीलवार’ हा पर्याय निवडा. फोलिओला नोंदवलेला ई-मेल द्या आणि पासवर्ड तुम्हीच ठरवा. पीडीएफ थोड्या वेळात मेलवर येते. त्यात योजनेच्या नावाजवळ कंसात ‘अ‍ॅडव्हायझर’ असा शब्द असतो आणि त्यापुढे एआरएन-आकडा (वितरकाचा, म्हणजे फंड विकणाऱ्या मध्यस्थाचा, नोंदणी क्रमांक) किंवा डायरेक्ट. एआरएन दिसला की प्लॅन रेग्युलर. (ज्याला कायद्याने सल्लागार म्हणवून घेता येत नाही, त्याच्या नंबराआधी कागदावर अ‍ॅडव्हायझरच छापलेलं असतं. गंमत आहे.)

याशिवाय सप्टेंबर आणि मार्चअखेरचं सहामाही विवरण येतं. ते सहसा कुणी उघडत नाही. त्यात तुमच्या गुंतवणुकीवर त्या सहा महिन्यांत वितरकाला किती कमिशन दिलं, तो आकडा रुपयांत असतो. शेजारी रेग्युलर आणि डायरेक्ट दोन्ही प्लॅनचा सरासरी खर्चही असतो. हा एक तक्ता बघितला की पुढची वादावादी संपते. आकडा ढोबळ कमिशनचा असतो, वितरक त्यातून स्वतःचा कर आणि ऑफिसचा खर्च भागवतो, हेही ध्यानात घ्या.

बाकीचे खर्च पटकन. खरेदीवर मुद्रांक शुल्क ०.००५ टक्के, म्हणजे ५ लाखांवर २५ रुपये. विसरून जा. एक्झिट लोड, म्हणजे पैसे काढतानाची कपात, मात्र बघा. बऱ्याच इक्विटी योजनांत वर्षाच्या आत काढल्यास १ टक्का असतो, म्हणजे ५ लाखांवर ५ हजार.

आणि घाईने रेग्युलरमधून डायरेक्टमध्ये उडी मारू नका. कागदावर ‘स्विच’ असलं तरी आयकराच्या नजरेत ती विक्रीच. इक्विटी फंडात वर्षाच्या आत विकलं तर नफ्यावर २० टक्के कर. वर्षानंतर विकलं तर आर्थिक वर्षातला सव्वा लाखापर्यंतचा नफा माफ आणि वरच्या नफ्यावर १२.५ टक्के. म्हणून नवे पैसे आजपासून डायरेक्टमध्ये टाका. जुने ५ लाख वर्ष उलटल्यावर, नफा सव्वा लाखाच्या आत राहील अशा बेताने हलवा.

हजारी_दर

युलिपचं उत्तर आधी तारखेचं, मग आकड्यांचं. पॉलिसी हातात पडल्यापासून ३० दिवस ‘फ्री लुक’ असतो, म्हणजे पटली नाही तर ती रद्द करता येते. तुमचे १२ गेलेत, म्हणजे १८ उरलेत. ई-मेलने आली असेल तर मेलची तारीख धरा. तो मेल पुसू नका.

आता बेनिफिट इलस्ट्रेशन नावाचा कागद काढा. वडिलांची सही त्यावर असेल. त्यात ४ आणि ८ टक्के अशा दोन गृहीत परताव्यांची कोष्टकं असतात. विकणारा ८ टक्क्यांच्या कोष्टकातल्या शेवटच्या ओळीवर बोट ठेवतो. तुम्ही दुसऱ्या भागातली पहिली ओळ आडवी वाचा. तिथे वर्ष १ समोर रकाने असतात: प्रीमियम, अ‍ॅलोकेशन चार्ज, मॉर्टॅलिटी चार्ज (विम्याचा खर्च), पॉलिसी अ‍ॅडमिन चार्ज, फंड मॅनेजमेंट चार्ज, वर्षअखेरचा फंड. त्याच पानावर ‘नेट यील्ड’ असा आकडा शोधा. ८ टक्के गृहीत धरून खर्च गेल्यावर हातात किती टक्के उरतात, ते तिथे छापलेलं असतं.

तुमचे चार आकडे इथे टाका, म्हणजे जोडून दाखवतो. आणि ‘प्रीमियम भरण्याची मुदत’ या शब्दांसमोर काय लिहिलंय तेही.

जुळे_सोलापूरकर

कागद सापडला. पहिल्या वर्षाचा अ‍ॅलोकेशन चार्ज ५ टक्के. अ‍ॅडमिन महिना २०० रुपये. मॉर्टॅलिटी ६० वयाला हजारी १२. फंड मॅनेजमेंट १.३५ टक्के.

प्रीमियम भरण्याची मुदत: ५ वर्षे. पॉलिसीची मुदत: १० वर्षे. म्हणजे ‘एकदाच भरायचे’ हे साफ चुकीचं होतं.

हजारी_दर

चुकीचं आणि नेहमीचं. दरवर्षी २ लाख, एकूण १० लाख. १८ लाखांपैकी दहा इथेच गेले.

पहिल्या वर्षाची बेरीज. अ‍ॅलोकेशन: २ लाखांचे ५ टक्के, १०,०००. हे युनिट मिळण्याआधीच जातात, म्हणजे गुंतले १ लाख ९० हजार. अ‍ॅडमिन: २,४००. मॉर्टॅलिटी पूर्ण १४ लाखांवर लागत नाही. विमा रक्कम उणे फंडातली रक्कम, यावर लागते. ती सुमारे १२ लाख. हजारी १२ प्रमाणे वर्षाला १४,४००. फंड मॅनेजमेंट १.३५ टक्के, साधारण २,४००. एकूण २९,२०० रुपये. २ लाखांतले जवळपास १५ टक्के पहिल्याच वर्षी गेले. पण विकताना ‘आमचा खर्च फक्त १.३५’ असा तोच एक आकडा सांगतात. सोयीचा तेवढा.

मॉर्टॅलिटी आणि अ‍ॅडमिन पैशांत कापत नाहीत, युनिट रद्द करून कापतात. वर्षाने युनिट स्टेटमेंट मागवलंत तर तारखेच्या रांगेने दिसेल: दर महिन्याला युनिटची संख्या थोडी उतरलेली. एनएव्ही वाढलेली असते, अ‍ॅपवर हिरवा बाण असतो आणि युनिट मात्र कमी झालेली असतात. बघणारा बाण बघतो.

यात एक खोच आहे. बाजार पडला की फंडातली रक्कम घटते, विमा रक्कम तीच राहते, त्यामुळे मधलं अंतर वाढतं आणि मॉर्टॅलिटीही वाढते. वरून वय वाढलं की हजारी दरही चढतो. म्हणजे स्वस्त एनएव्हीला जास्त युनिट विकली जातात, नेमकी विकू नयेत तेव्हा. पंचविशीतल्या माणसाला हे जाणवत नाही, त्याचा हजारी दर फार कमी असतो. साठीत तेच गणित पार उलटतं. काही योजना मुदतीअखेर मॉर्टॅलिटी परत देतात, पण दहा वर्षांपूर्वीचे १४,४०० तेव्हा १४,४०० च असतात.

‘करमुक्त’ बद्दल. १ एप्रिल २०१२ नंतरच्या पॉलिसीला मुदतीअखेरची करमाफी हवी असेल तर वार्षिक प्रीमियम विमा रकमेच्या १० टक्क्यांच्या आत लागतो. तुमचा २ लाख भागिले १४ लाख, म्हणजे १४.३ टक्के. मुदतीअखेरची रक्कम करमुक्त नाही. मृत्यूनंतर वारसाला मिळणारी रक्कम करमुक्त आहे, ती वेगळी गोष्ट. सातपट विमा ठेवला की मॉर्टॅलिटी कमी दिसते म्हणून विकायला सोपं जातं, आणि करमाफी गेली हे कुणी सांगत नाही.

फ्री लुक हुकला तर? दुसरा हप्ता भरला नाही तर पॉलिसी बंद पडते. वार्षिक प्रीमियम ५० हजारांच्या वर असल्यामुळे पहिल्या वर्षी बंद करण्याचा खर्च जास्तीत जास्त ६,००० रुपये, दुसऱ्या वर्षी ५,०००, मग ४,०००, चौथ्या वर्षी २,०००, पाचव्यापासून शून्य. पैसे मात्र लगेच मिळत नाहीत. पाच वर्षांचा लॉक-इन संपेपर्यंत ते वेगळ्या फंडात किमान ४ टक्क्यांवर पडून राहतात. तरीही ‘इतके भरलेत तर पुढचेही भरू’ म्हणून आठ लाख आणखी ओतण्यापेक्षा हे कधीकधी स्वस्त पडतं.

पार्क_चौक

तिसऱ्या कागदावर लिहितो.

नोंदणीकृत गुंतवणूक सल्लागाराचा सेबी (शेअर बाजाराचा नियामक) क्रमांक आयएनए या तीन अक्षरांनी सुरू होतो. रिसर्च अ‍ॅनालिस्टचा आयएनएच ने. म्युच्युअल फंड वितरकाकडे एआरएन असतो. तीन वेगळे परवाने, तीन वेगळी कामं. सेबीच्या संकेतस्थळावर मान्यताप्राप्त मध्यस्थांची यादी आहे, तिथे क्रमांक टाका. नाव, पत्ता, फोन, ई-मेल चारही ताडून बघा. दुसऱ्याचा खरा क्रमांक स्वतःच्या कार्डावर छापणारे असतात. त्यामुळे ‘क्रमांक यादीत आहे’ एवढ्यावर थांबू नका, यादीतल्या फोनवर तुम्ही फोन लावा.

‘हमखास १८ टक्के’ या शब्दांत त्यांनी स्वतःच उत्तर दिलंय. हमी देण्याची परवानगी सल्लागारालाही नाही, अ‍ॅनालिस्टलाही नाही. २५ हजार पाठवू नका.

खऱ्या सल्लागाराची फी दोनच पद्धतींनी असते. ठराविक रक्कम, कुटुंबामागे वर्षाला जास्तीत जास्त १ लाख ५१ हजार. किंवा सल्ल्याखालच्या मालमत्तेच्या टक्क्यात, वर्षाला कमाल २.५ टक्के. ही कमाल आहे, दर नाही. २.५ टक्के ऐकून मान डोलावू नका, १८ लाखांवर ते ४५ हजार होतात. तुमच्यासारख्यांना ठराविक रकमेची, एकदाच्या आराखड्याची फी बरी पडते. करार लेखी असतो, तो फी देण्याआधी सही होतो. एकाच कुटुंबाकडून सल्ल्याची फी आणि उत्पादन विकल्याचं कमिशन दोन्ही घेता येत नाही.

आणि पहिल्या कागदावरचं ‘आर्थिक सल्लागार’: नवी पेठेतले गृहस्थ एआरएनवर काम करत असतील तर ते वितरक आहेत. हा गुन्हेगारीचा आरोप नाही, पण कुणाच्या पगारावर आहेत ते कळावं.

शेंगाचटणी

एवढं सगळं ऐकून त्या नवी पेठेतल्या माणसाशी भांडायला जाऊ नका ओ.

५ लाखांवर ०.८ टक्के कमिशन धरलं तर वर्षाला ४ हजार. त्या ४ हजारांत केवायसी, नॉमिनी, बँक खातं बदलणं, वर्षातून एकदा घरी येऊन बघणं, आणि देव न करो, वडिलांच्या पश्चात आईच्या नावावर युनिट करून देणं एवढं होत असेल तर महाग नाही. ट्रान्समिशनची, म्हणजे वारसाच्या नावावर युनिट करण्याची, कागदपत्रं एकटीने करायची म्हटली तर दमछाक होते. डायरेक्ट प्लॅन ‘फुकट’ आहे असं कुणी समजू नये. तिथलं काम तुमच्या डोक्यावर येतं. ज्या घरात पासवर्ड वहीच्या मागच्या पानावर असतो आणि वही सापडत नाही, त्या घराने विचार करून उडी मारावी.

पतसंस्थेच्या जादा दराकडे वळणाऱ्यांसाठीही एक सांगतो, कारण आपल्याकडे १८ लाख हातात आले की सुचवणारे दहा भेटतात. ५ लाखांचा ठेव विमा बँकांना आहे, सहकारी बँकांनाही आहे, पतसंस्थेला नाही. तो जादा दर कशाबद्दल मिळतो ते यात आलं. भिशीचंही तसंच. नोंदणीकृत चिट फंडात चालवणाऱ्याचं कमिशन ७ टक्क्यांपर्यंत कायद्याने बांधलेलं आहे. गल्लीतल्या भिशीत ते लिहिलेलंच नसतं.

होटगी_रोड

मुद्दा मान्य, एक भर घालतो. टक्क्यातलं कमिशन कामाबरोबर वाढत नाही, रकमेबरोबर वाढतं. ५ लाखांचे १० लाख झाले की ४ हजारांचे ८ हजार होतात, घरी फेरी तेवढीच. म्हणून दर एप्रिलला सहामाही विवरणातला आकडा बघून ‘या वर्षी यांनी काय केलं’ हे ठरवा.

आणि दोन वागणुकींवर नजर ठेवा. दर दीड-दोन वर्षांनी ‘हा फंड चालत नाही, त्यात टाकू’ म्हणणारा तुम्हाला दर वेळी लोड आणि कर भरायला लावतो. दुसरी, ‘नवीन फंड आलाय, युनिट १० रुपयांना स्वस्त मिळतंय’. १० रुपयांचं युनिट २०० रुपयांच्या युनिटपेक्षा स्वस्त नसतं. टॉवेल फाडून दोन तुकडे केले तर कापड वाढत नाही.

तुलनेसाठी हाताशी एक बिनखर्ची गोष्ट ठेवा. ज्येष्ठ नागरिक बचत योजना, ८.२ टक्के, व्याज दर तिमाहीला, मर्यादा ३० लाख. त्यातही दंड आहे, पण लिहिलेला: एक ते दोन वर्षांत मोडली तर मुदलातून १.५ टक्के, दोन वर्षांनंतर १ टक्का, वर्षाच्या आत मोडली तर व्याज नाही. कुठल्याही विक्रेत्याला विचारा, ‘सगळा खर्च जाऊन यापेक्षा किती जास्त, आणि कशाच्या भरवशावर?’

जुळे_सोलापूरकर

फ्री लुकचा अर्ज द्यायला शाखेत विचारलं. ‘इथून होत नाही, मॅनेजर रजेवर आहेत, पुढच्या आठवड्यात या’ असं उत्तर मिळालं.

हजारी_दर

पुढचा आठवडा म्हणजे तुमच्या १८ दिवसांतले सात. शाखेसाठी थांबू नका. पॉलिसी बँकेची नाही, विमा कंपनीची आहे. अर्ज कंपनीला द्यायचा.

आजच कंपनीच्या तक्रार निवारण ई-मेलवर पाठवा, तो पॉलिसीच्या मागच्या पानांत असतो. वडिलांच्या नोंदवलेल्या मेलवरूनच पाठवा. मजकूर चार ओळींचा: पॉलिसी क्रमांक, ‘पॉलिसी अमुक तारखेला ई-मेलने मिळाली’, ‘फ्री लुक मुदतीत रद्द करत आहे’, कारण: एकरकमी सांगितली होती, प्रत्यक्षात पाच वर्षे हप्ता आहे, आणि करमाफीच्या अटीत बसत नाही. सोबत रद्द केलेला चेक आणि पॅन. त्याच कागदाची प्रत कंपनीच्या सोलापुरातल्या शाखेत द्या, दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घ्या. शिक्का देत नसतील तर स्पीड पोस्टने पाठवा आणि पावती जपा.

पूर्ण २ लाख मिळणार नाहीत. संपलेल्या दिवसांचा विम्याचा खर्च, मुद्रांक आणि वैद्यकीय तपासणी झाली असल्यास तिचा खर्च कापतात, आणि युनिटची किंमत रद्द करण्याच्या दिवशीची धरतात. अ‍ॅलोकेशनचे १० हजार मात्र परत यायला हवेत. आले नाहीत तर हिशेब लेखी मागा.

मध्येच फोन येईल, ‘सर, आत्ता सोडलंत तर नुकसान, बोनस युनिट मिळणार आहेत’. त्यांना सांगा, मेलवर लिहून द्या. पॉलिसी देण्याआधी पडताळणीचा रेकॉर्ड केलेला फोन येऊन गेला असेल, त्यात ‘सगळ्याला हो म्हणा’ असं सांगितलं असण्याची शक्यता आहे. त्या रेकॉर्डिंगची प्रत कंपनीकडे लेखी मागा. ‘पाच वर्षे हप्ता’ हे शब्द त्यात किती वेगाने वाचलेत ते ऐकण्यासारखं असतं.

कंपनीने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा नाही म्हटलं तर विमा नियामकाचं विमा भरोसा पोर्टल, आणि मग विमा लोकपाल. सोलापूर जिल्हा पुण्याच्या कार्यालयाकडे येतो. फी नाही, वकील लागत नाही, कंपनीच्या नकारानंतर वर्षाच्या आत अर्ज करायचा. फंड किंवा सल्लागाराबद्दल असेल तर सेबीचं स्कोअर्स हे तक्रार पोर्टल.

मेल गेला की इथे तारीख टाका. सातव्या दिवशी उत्तर नसेल तर स्मरणपत्राचा मजकूर देतो.

जुळे_सोलापूरकर

मेल आज दुपारी ४ वाजून १० मिनिटांनी गेला. कंपनीच्या शाखेत प्रतीवर शिक्का मिळाला, तारीख हाताने घालून घेतली. २५ हजार पाठवले नाहीत, ग्रुपही सोडला.